खुनाच्या निमित्ताने उघडलेली दारं

31 ऑगस्ट 2021 ला अमेरिकेत हुलू या स्ट्रीमिंग सेवेवर 'ओन्ली मर्डर्स इन द बिल्डिंग' या मालिकेचे पहिले तीन भाग आले. उरलेले सात दर मंगळवारी एक याप्रमाणे 19 ऑक्टोबरपर्यंत येत राहिले. आपल्याकडे ती हॉटस्टारवर पोचली. मुख्य भूमिकांत तिघे होते: 76 वर्षांचा स्टीव्ह मार्टिन, 71 वर्षांचा मार्टिन शॉर्ट आणि 29 वर्षांची सेलेना गोमेझ. दोन जुने विनोदी नट आणि एक पॉप गायिका मिळून न्यूयॉर्कच्या एका जुन्या इमारतीतल्या खुनाचा तपास करतात आणि त्यावर पॉडकास्ट काढतात, एवढीच कथाकल्पना. पहिले भाग येऊन दोन आठवडे होतात न होतात तोच दुसऱ्या सीझनची घोषणा झाली. पुढच्या वर्षी एमी या टीव्हीच्या पुरस्कारांसाठी 17 नामांकनं मिळाली आणि तीन पुरस्कार पदरात पडले. तेव्हापासून 2025 पर्यंत पाच सीझन झाले.

ही मालिका इतकी का आवडली, याची नेहमीची उत्तरं सगळ्यांना पाठ आहेत. नट मोठे, इमारत देखणी, प्रत्येक भागाच्या शेवटी धक्का. यातलं काहीच खोटं नाही, पण मोठे नट, देखणी घरं आणि धक्के असलेल्या रहस्यमालिका ढिगाने येतात आणि महिन्याभरात विसरल्याही जातात. या मालिकेची ताकद मला वेगळ्या ठिकाणी दिसते. एकट्या माणसाला शेजाऱ्याचं दार वाजवायला निमित्त लागतं, आणि खुनासारखं भक्कम निमित्त दुसरं नाही. पहिला सीझन या एका जाणिवेवर उभा आहे. तेवढाच सीझन नीट उलगडून बघायचा आहे, त्यामुळे खुनी कोण हे पुढे स्पष्ट येईल. मालिका पाहायची असेल तर आधी पाहून या.

तिघे आणि चौथा

चार्ल्स-हेडन सॅव्हेज हा 1990 च्या दशकातल्या एका पोलिसी मालिकेचा नायक. मालिका केव्हाच संपली. लोक अजून ओळखतात, त्याचा त्याला अभिमानही आहे आणि त्रासही. तो एकटा राहतो. ऑलिव्हर पटनम हा नाटकांचा दिग्दर्शक. त्याच्या एका संगीत नाटकात रंगमंचावरचा पाण्याचा हौद ऐन वेळी उघडला नाही आणि नटांनी बंद झाकणावरच उड्या मारल्या. त्या प्रयोगाबरोबर त्याची कारकीर्दही तिथेच आपटली. आता इमारतीची देणी थकली आहेत, मुलाकडे पैसे मागून मागून मुलगाही विटला आहे, आणि जेवण म्हणाल तर हा माणूस निरनिराळ्या डिप्सवर जगतो. मेबल मोरा मावशीच्या फ्लॅटची डागडुजी करत तिथे राहते. कानात हेडफोन, अंगावर उंची कोट, आणि कुणी जवळ येऊ नये असा चेहरा.

तिघेही एकाच आर्कोनिया नावाच्या इमारतीत राहतात आणि एकमेकांना ओळखत नाहीत. एका संध्याकाळी आगीची घंटा वाजते, सगळ्यांना बाहेर काढलं जातं. जवळच्या रेस्टॉरंटमध्ये तिघे वेगवेगळे बसलेले असतात, आणि कळतं की तिघेही एकाच गुन्हेकथा पॉडकास्टचे भक्त आहेत. मग एकाच टेबलाशी येतात, त्या पॉडकास्टमधल्या संशयितांवर वाद घालतात. मघाशी लिफ्टमध्ये एकमेकांकडे न बघता उभी असलेली हीच माणसं आता जुनी ओळख असल्यासारखी बोलत असतात. परत येतात तो वरच्या मजल्यावर टिम कोनो नावाचा रहिवासी मरून पडलेला. पोलीस म्हणतात आत्महत्या. हे तिघे म्हणतात खून.

गुन्हेकथांच्या पॉडकास्टची लाट अमेरिकेत 2014 च्या 'सीरियल'पासून उसळली. एका जुन्या खटल्याची आठवड्यागणिक उकल करणारं ते पॉडकास्ट लाखो लोकांनी स्वयंपाक करताना, गाडी चालवताना, झोप येत नसताना ऐकलं. कानात दुसऱ्या कुणाचा तरी आवाज, तोही विश्वासात घेऊन बोलणारा. ज्याच्या घरात दिवसभर कुणी बोलत नाही त्याला ही सोबत किती मोलाची वाटत असेल, हे मालिकेने अचूक हेरलं. तिघे एकत्र येतात ते रहस्याच्या वेडामुळे असं वरकरणी दिसतं. त्याच्या आत, तिघांनाही रात्री ऐकायला एक आवाज हवा होता.

मालिकेची मूळ कल्पना स्टीव्ह मार्टिनची. त्याच्या डोक्यात तीन वयस्कर माणसं होती, ज्यांना गुन्हे सोडवायचा छंद आहे पण गावभर हिंडायचा उत्साह नाही, म्हणून ती फक्त आपल्याच इमारतीतले खून हाती घेतात. त्यातल्या एकाच्या जागी पुढे तरुण मेबल आली. पडद्यावर आलेली मालिका त्याने जॉन हॉफमनबरोबर घडवली. शीर्षकातला विनोद या आळसातून आला आहे, पण लिहिता लिहिता त्याचाच कणा झाला. फक्त इमारतीतले खून, म्हणजे फक्त शेजारी.

इमारत

बाहेरून दिसणारी आर्कोनिया म्हणजे मॅनहॅटनच्या अप्पर वेस्ट साइडवरची बेलनॉर्ड. 1908 साली तिचं काम सुरू झालं. ब्रॉडवे आणि ॲम्स्टरडॅम अव्हेन्यू यांच्या मधला, 86 व्या आणि 87 व्या रस्त्यांमधला अख्खा भूखंड तिने व्यापला आहे. 1966 पासून ती शहराच्या संरक्षित वास्तूंच्या यादीत आहे. नोबेल मिळालेले यिडिश लेखक आयझॅक बाशेविस सिंगर तिथे राहत, म्हणून 86 व्या रस्त्याच्या त्या तुकड्याला त्यांचं नाव दिलेलं आहे. बेलनॉर्डचा खरा दागिना म्हणजे आतला चौक: कमानीतून आत शिरलं की मध्यभागी झाडं आणि कारंजं, आणि चारही बाजूंनी वर चढत गेलेल्या खिडक्या.

हा चौक मालिकेसाठी काय करतो बघा. प्रत्येकाची खिडकी समोरच्याच्या खिडकीकडे तोंड करून आहे. म्हणजे सगळे सगळ्यांना दिसतात. कुणाचा दिवा रात्री दोनला लागतो, कुणाकडे कधीच कुणी येत नाही, कोण एकटं जेवतं, हे सगळं समोर आहे, आणि तरी मधलं अंतर पार करून जायला कुणाकडे कारण नाही. शीर्षकगीताच्या वेळी चित्रांतून हीच इमारत दिसते, खिडक्यांत माणसांच्या आकृत्या. त्याखाली सिद्धार्थ खोसला या भारतीय वंशाच्या संगीतकाराची ती गुणगुणणारी धून. त्या धुनेत कुतूहल आहे, भीती जवळपास नाहीच. कुणीतरी खिडकीपाशी उभं राहून समोर बघतंय असं वाटतं.

आर्कोनिया ही को-ऑप आहे, आणि इथे मराठी वाचकाला फारसं काही समजावून सांगावं लागत नाही. न्यूयॉर्कच्या को-ऑपमध्ये तुम्ही फ्लॅट विकत घेत नाही, इमारतीच्या संस्थेचे शेअर्स घेता आणि त्या बदल्यात राहण्याचा हक्क मिळतो. दरमहा मेंटेनन्स. निवडून आलेलं बोर्ड. नव्या खरेदीदाराला हे बोर्ड कारण न देता नाकारू शकतं. अमेरिकेत हा प्रकार मुख्यतः न्यूयॉर्कपुरता आहे, त्यामुळे तिथल्या इतर राज्यांतल्या प्रेक्षकाला तो जरा अनोळखी वाटत असणार. मुंबई-पुण्यात 1960 च्या सहकारी संस्था कायद्याखालच्या सोसायट्यांमध्ये आयुष्य गेलेल्या माणसाला बोर्डाची अध्यक्ष बनी फोल्गर पहिल्या दृश्यातच कळते. नियमावर बोट, आवाजात धार, आणि कुणाची किती थकबाकी आहे ते तोंडपाठ. जेन हुडिशेलने ती अशी उभी केली आहे की तिचा राग येतो आणि ती नसेल तर ही इमारत दोन दिवसांत मोडेल हेही पटतं. सीझनच्या उत्तरार्धात ती आपल्या तिन्ही नायकांना चक्क इमारत सोडायची नोटीस देते. तपासाचा आवाज फार झाला, शेजाऱ्यांना त्रास होतो. सोसायटीच्या दृष्टीने खुनापेक्षा गोंगाट मोठा गुन्हा, हे ज्याने वार्षिक सभा पाहिल्या आहेत त्याला पटवून द्यायला नको.

ज्याचं कुणाला काही वाटलं नाही

दुसऱ्या भागाचं नावच 'टिम कोनो कोण?' अशा अर्थाचं आहे. मेलेल्या माणसासाठी रहिवासी जमतात आणि एकेकाच्या तोंडून बाहेर येतं ते दुःख नसतं, तक्रारी असतात. टिम कुणालाच आवडत नव्हता. भांडखोर, तुसडा, कुणाशी धड न बोलणारा. हॉवर्ड नावाचा शेजारी आपल्या मांजरीसाठी जितका हळवा होतो तितकं टिमसाठी कुणी होत नाही.

या प्रसंगाला आपण हसतो, आणि हसत असतानाच मालिका आपल्याला कामाला लावते. रहस्यकथेत प्रेत हे बहुतेक वेळा कोडं सुरू करण्यापुरतं असतं. इथे दहा भाग या एकाच माणसाची ओळख करून घेण्यात जातात. हळूहळू कळतं की टिम एकेकाळी मेबलचा जिवलग मित्र होता. लहानपणी ही मुलं याच इमारतीत गुप्तहेर असल्यासारखी हिंडत. नववर्षाच्या एका रात्री त्यांची मैत्रीण झोई गच्चीवरून पडून मेली, त्यांचा मित्र ऑस्कर निर्दोष असून तुरुंगात गेला, आणि टिमने जे पाहिलं होतं ते सांगितलं नाही. मेबलने त्याच्याशी संबंध तोडले. त्यानंतरची वर्षं टिम एकट्यानेच, कुणाला न सांगता, ऑस्करच्या सुटकेसाठी पुरावा गोळा करत होता. चोरीच्या दागिन्यांचा माग काढत होता. इमारतीला जो तुसडा दिसत होता तो मनावर दगड घेऊन जगणारा माणूस होता.

मेबलने ही ओळख चार्ल्स आणि ऑलिव्हरपासून लपवली आहे, हे पहिल्याच भागाच्या शेवटी प्रेक्षकाला कळतं आणि त्या दोघांना कळत नाही. मला हा या लेखनातला सगळ्यात हुशार निर्णय वाटतो. त्यामुळे पुढे तिघांच्या मैत्रीचं प्रत्येक पाऊल आपण दुहेरी नजरेने बघतो. चार्ल्स तिच्यापाशी थोडा उघडा होतो तेव्हा आनंद होतो, आणि तो फसवला जातोय याचं वाईटही वाटतं. रहस्य खुनाचं आहेच, पण रुखरुख मैत्रीची लागते.

भोचकपणाला परवाना

शहरात राहणाऱ्याला एक सभ्यता शिकावी लागते: दुसऱ्याच्या घरात डोकावू नये. लिफ्टमध्ये फोनकडे बघावं, भिंतीपलीकडून भांडण ऐकू आलं तर टीव्हीचा आवाज वाढवावा. यात वाईट काही नाही, हजार माणसं एका छपराखाली राहायची तर हे लागतंच. पण याच सभ्यतेची सवय इतकी मुरते की कुणाची विचारपूस करणंही आगाऊपणा वाटायला लागतं.

न्यूयॉर्कच्या मनात या बाबतीत एक जुनी जखम आहे. 13 मार्च 1964 च्या पहाटे क्वीन्समधल्या क्यू गार्डन्स भागात किटी जेनोव्हेझ या 28 वर्षांच्या तरुणीचा तिच्या घराजवळ खून झाला. दोन आठवड्यांनी न्यूयॉर्क टाइम्सने छापलं की 38 शेजाऱ्यांनी खिडक्यांतून पाहिलं आणि कुणी मदतीला आलं नाही. त्यावरून मानसशास्त्रात अख्खी संशोधनशाखा उभी राहिली आणि शहर निर्दय असतं याचा दाखला म्हणून ही गोष्ट जगभर सांगितली गेली. पुढे उघड झालं की बातमी बरीच फुगवलेली होती. बहुतेकांनी काही पाहिलं नव्हतं, आवाज अर्धवट ऐकले होते. आणि सोफिया फॅरर नावाची एक शेजारीण, मारेकरी आसपास आहे की नाही हेही माहीत नसताना, धावत खाली गेली आणि शेवटपर्यंत किटीला धरून बसली. 2016 मध्ये टाइम्सनेच आपल्या जुन्या वार्तांकनातले दोष मान्य केले. पण 38 हा आकडा लोकांच्या लक्षात राहिला, सोफियाचं नाव फार थोड्यांच्या.

ही मालिका त्या घटनेचं नाव घेत नाही. तरी चौकाभोवतीच्या खिडक्या, ओरडा झाला तरी कोण येणार ही शंका, आणि मेलेल्याबद्दल कुणाला फारसं काही न वाटणं, या सगळ्यामागे शहराची ती जुनी भीती आहेच. मालिकेतले शेजारी मात्र वेळ टळून गेल्यावर का होईना, येतात. खून झाल्यामुळे चार्ल्सला शेजाऱ्याची बेल वाजवता येते, ऑलिव्हरला कुणाच्याही दिवाणखान्यात शिरून प्रश्न विचारता येतात. एरवी ज्याला नाक खुपसणं म्हटलं असतं त्याला आता तपास म्हणतात. ऑलिव्हर तर सगळ्या संशयितांना नाटकाच्या निवडचाचणीला आलेल्या नटांसारखं मनातल्या मनात रंगमंचावर उभं करतो. त्याला शेजाऱ्यांकडे बघायची एवढी एकच रीत येते, आणि त्या रीतीने का होईना, तो वर्षानुवर्षांत पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट बघतो.

चार्ल्सच्या ऑम्लेटचा प्रसंग इथे आठवावाच लागेल. तो निगुतीने ऑम्लेट करतो, ताटलीत काढतो आणि कचऱ्याच्या डब्यात टाकून देतो. एवढंच. कुणी बोलत नाही. नंतर कळतं की तो एकेकाळी ज्या बाईबरोबर राहत होता तिची लहान मुलगी ल्युसी हिला त्याच्या हातचं ऑम्लेट आवडायचं. नातं तुटलं, ल्युसीही गेली. स्टीव्ह मार्टिनने हा प्रसंग चेहऱ्यावर जवळजवळ काहीच न आणता केला आहे. डोळे हातातल्या पॅनवर, हालचाल रोजच्या सवयीची, आणि डब्याचं झाकण उघडतानाही घाई नाही. आयुष्यभर अंगविक्षेपांनी हसवलेल्या नटाने इतकं स्थिर राहावं, याचा परिणाम फार खोल होतो. ही गोष्ट तो पुढे स्वतःच्या तोंडाने सांगतो ती जॅनला, इमारतीतच राहणाऱ्या, 'बसून' नावाचं वाद्य वाजवणाऱ्या बाईला. बसून म्हणजे पाश्चात्त्य वाद्यवृंदातलं लाकडी, लांबलचक, खर्जातलं सुषिर वाद्य. जॅनकडे पुन्हा यायचं आहेच.

सातवा भाग

पहिल्या सीझनमधला एकच भाग बघायला सांगायचा झाला तर मी सातवा सांगेन. 6बी मधल्या थिओ डिमासचा. थिओ बहिरा आहे, आणि त्याची भूमिका करणारा जेम्स कॅव्हर्ली हा नटही बहिरा आहे. हा भाग जवळजवळ पूर्णपणे बोललेल्या शब्दांविना चालतो. थिओ आणि त्याचा बाप टेडी खुणांच्या भाषेत बोलतात, त्याची अक्षरं पडद्यावर येतात. बाकी लोक बोलताना थिओला ओठांवरून जेवढं कळतं तेवढंच आपल्याला कळतं. ज्या मालिकेची सगळी गंमत दोन म्हाताऱ्यांच्या अखंड बडबडीत आहे, आणि जिचे नायक आवाजाचा धंदा करतात, तिने ऐन मध्यावर आवाज काढून घेतला.

आणि तेव्हा कळतं की सगळं पाहिलं ते थिओने. गच्चीवर त्या रात्री झोईशी झटापट झाली ती त्याचीच, एका अंगठीवरून. ती पडली. टिमने ते पाहिलं. थिओच्या बापाने टिमला धमकावून गप्प केलं. बाप-लेकाचा चोरधंदाही याच भागात उलगडतो: अंत्यसंस्कारांसाठी आलेल्या मृतांच्या अंगावरचे दागिने काढून विकायचे. टेडीची भूमिका नेथन लेनने केली आणि त्याला त्यासाठी एमी मिळालं. मिळायलाच हवं होतं, कारण तो एकाच चेहऱ्यात मायाळू बाप आणि थंड गुन्हेगार दोन्ही ठेवतो, आणि थिओवरच्या त्याच्या प्रेमातच एक क्रूरपणा आहे हे दाखवतो.

पण माझ्या मुद्द्यासाठी महत्त्वाचं हे की थिओ इमारतीतला सगळ्यात एकटा माणूस आहे आणि त्याच्याकडे येऊन कुणी कधी काही विचारलेलं नाही. आपले तिघे नायक अनेक भाग शेजारी पालथे घालतात, पण सगळं डोळ्यांनी टिपणाऱ्या माणसाशी बोलायचं त्यांच्या मनातही येत नाही. एकटेपणा काय असतो हे ज्यांना पुरेपूर माहीत आहे तीच माणसं दुसऱ्या एकट्याला ओलांडून पुढे जातात. मालिका त्यांना यातून सोडत नाही. दुसऱ्या सीझनमध्ये एका भागात मेबल आणि थिओ एकत्र तपास करतात, आणि मैत्रिणीच्या मरणाला कारण झालेल्या माणसाशी समोरासमोर बसून बोलणं म्हणजे काय, हे तिथे दिसतं. पहिल्या सीझनमध्ये जे राहून गेलं त्याची ती परतफेड आहे.

जॅन

खुनी जॅन आहे. टिमचे तिच्याशी संबंध होते, त्याने ते तोडले, तिने त्याला विष घातलं आणि मग गोळी झाडून आत्महत्येचा देखावा केला.

काटेकोर रहस्यवाचकाला हा उलगडा फार कसदार वाटणार नाही. नायकाच्या आयुष्यात नुकतीच आलेली प्रेमळ बाई, तिच्यावर संशय घेणारे बरेच प्रेक्षक होते. मला तो पटतो, कारण तो कोड्याला जितका शोभतो त्याहून जास्त या माणसांना शोभतो. जॅन सांगते की ती वाद्यवृंदात पहिल्या खुर्चीवर आहे. असते दुसऱ्या. हे एवढंसं खोटं पकडलं जातं आणि धागा सुटायला लागतो. पहिलं असण्याची तहान, नाकारलं गेल्याचा न सोसणारा अपमान. चार्ल्स, ऑलिव्हर, मेबल तिघांनाही हाच अपमान माहीत आहे. चार्ल्सला लोक विसरले, ऑलिव्हरला रंगभूमीने बाहेर काढलं, मेबलने आपली माणसं गमावली. एकटेपणाने माणूस मऊच होतो असं नाही, कधीकधी तो विषारीही होतो, हे मालिकेने गोड बोलून टाळलेलं नाही. आणि चार्ल्सने अनेक वर्षांनी ज्या एका माणसापुढे मन मोकळं केलं तीच खुनी निघावी, यात त्याच्या धाडसाची खरी किंमत कळते. दार उघडलं की कोण आत येईल याची हमी कुणी देत नाही.

यानंतर येतो तो शेवटच्या भागातला विनोद. जॅनने दिलेल्या विषाने चार्ल्सचं शरीर लुळं पडलंय, जीभ वळत नाही, आणि तो सरपटत, घसरत, लिफ्टपर्यंत जायचा प्रयत्न करतो. पंचाहत्तरी गाठलेल्या माणसाने केलेला हा अंगविनोद पोट धरून हसवतो. ज्या माणसाची फसवणूक पाहून आपलं मन आत्ताच कळवळलं, त्यालाच जमिनीवर वळवळताना बघून आपण हसतोय. हे मालिकेला साधतं कारण मार्टिन आणि शॉर्ट 1986 सालच्या 'थ्री अमिगोज'पासूनचे मित्र आहेत, वर्षानुवर्षं एकत्र रंगमंचावर कार्यक्रम केले आहेत, आणि एकमेकांना टोमणे मारताना त्यांच्या आवाजात जी ऊब असते ती कुठल्याही तालमीतून येत नाही. ऑलिव्हर चार्ल्सच्या अभिनयाची उडवतो तेव्हा दोघांनाही दुखत नाही, उलट कुणीतरी आपल्याला चिडवण्याइतकं जवळ आहे याचं समाधान चार्ल्सच्या चेहऱ्यावर दिसतं. मेबल दोघांच्या मध्ये बसून कोरड्या आवाजात एखादंच वाक्य टाकते. गोमेझच्या अभिनयाला काहींनी सपाट म्हटलं. मला तो सपाटपणा नेमका वाटतो, कारण दोन उकळत्या माणसांमध्ये तिसरंही उकळणारं असतं तर बघवलं नसतं.

काळाचाही हात होता, हे मान्य करायला हवं. चित्रीकरण न्यूयॉर्कमध्ये 2020 च्या अखेरीस सुरू झालं, साथीच्या निर्बंधांखाली. मालिकेत मास्क नाहीत, साथ नाही. पण ज्या प्रेक्षकाने दीड वर्ष घरात काढलं, भिंतीपलीकडच्या माणसाचा फक्त खोकला ऐकला, त्याला शेजाऱ्याचं दार वाजवणारी ही माणसं परकी वाटली नाहीत. 2023 मध्ये अमेरिकेचे सर्जन जनरल विवेक मूर्ती यांनी एकटेपणावर अधिकृत इशारा काढला. सामाजिक संबंध तुटण्याचा मृत्यूच्या धोक्यावर होणारा परिणाम दिवसाला 15 सिगारेटी ओढण्याइतका असू शकतो, असं त्यात म्हटलं होतं. मालिका त्याच्या दोन वर्षं आधी आली, म्हणजे दुखणं लोकांना आधीपासून माहीत होतं.

इमारत सोडली की

पहिला सीझन संपतो तेव्हा बनी फोल्गर मेलेली असते, तिच्याशेजारी रक्ताने माखलेली मेबल, आणि तिघांना बेड्या पडतात. दुसरा सीझन बनीच्या खुनाचा. इथेही जिला सगळे वैतागले होते त्या बाईचं एकटं आयुष्य उलगडतं, आणि सुरुवात चांगली होते, पण मध्ये गुप्त वाटा, चित्राची चोरी, खोट्या ओळखी असं बरंच साठत जातं. तिसऱ्यात खून रंगभूमीच्या जगातला. मेरील स्ट्रीप येते, उत्तम काम करते, गाणी सुंदर आहेत, पण शेजारी कडेला सरकतात. चौथ्यात सगळे थोडा वेळ लॉस एंजेलिसला जातात, आणि पाहुण्या कलाकारांची गर्दी इतकी होते की कोण कुठे राहतं हेच विसरायला होतं. मालिका जेवढी इमारतीपासून लांब गेली तेवढी पातळ झाली, असं माझं स्पष्ट मत आहे. पाचव्या सीझनसाठी लेखकांनी दारवान लेस्टरला कारंज्यात मरून पडलेला दाखवला, तेव्हा निदान पत्ता पुन्हा सापडला: सगळ्यांना नावाने ओळखणारा, आणि ज्याच्याबद्दल कुणालाच फारसं माहीत नसलेला माणूस. आता सहावा सीझन लंडनमध्ये घडणार असं जाहीर झालं आहे. मला त्याची काळजी वाटते.

चौथ्या सीझनमधलं एक उपकथानक मात्र पहिल्या सीझनच्या तोडीचं आहे, आणि त्याची चर्चा व्हायला हवी तेवढी झाली नाही. आर्कोनियाच्या पश्चिम भागात काही भाडेकरू राहतात. त्यांच्या घरांची भाडी नाममात्र आहेत आणि सगळी डुडेनॉफ नावाच्या एकाच वृद्ध प्राध्यापकाच्या नावावर. हा प्राध्यापक दिसत मात्र कुणालाच नाही. तिन्ही नायकांना वाटतं, याने काहीतरी केलं आहे किंवा याचं कुणीतरी काहीतरी केलं आहे. खरं असं निघतं की डुडेनॉफ केव्हाच वारला आहे. आपल्यामागे या मित्रांचं घर जाऊ नये म्हणून त्यानेच हा बनाव आखून दिला होता, आणि शेजाऱ्यांनी त्याला कागदोपत्री जिवंत ठेवलं. त्याचे सरकारी पेन्शनचे चेक वटवले, त्याच्या नावाने भाडं भरलं, पत्ते खेळायला एकत्र जमत राहिले. कायद्याने हा गुन्हा आहे, आणि मालिका तो गुन्हा नाही असं म्हणत नाही.

मॅनहॅटनमध्ये घरभाडं परवडत नाही म्हणून माणसं पांगतात, आणि पांगली की पुन्हा एकटी पडतात. या लोकांनी एक मेलेला माणूस लपवून ते टाळलं. हे कळल्यावर चार्ल्स, ऑलिव्हर आणि मेबल यांच्यापुढे प्रश्न येतो की याचं आता करायचं काय. खुनाचं निमित्त करून दुसऱ्यांच्या घरात शिरलेल्या या तिघांना इथे असे शेजारी भेटतात ज्यांच्याकडे एकत्र राहायला खून नव्हता, फक्त एक जुना मित्र होता. या भाडेकरूंवर त्यांनी आधी किती सहज संशय घेतला होता, हे आठवून ते प्रसंग पुन्हा बघा. कथानकाची मुख्य उकल त्यापुढे फिकी वाटते.